राणीचा खोकला

काचीगुडा, हैदराबाद
११ मार्च १९९६

ती. मामांना बबलूचा नमस्कार.

तुमचं पत्र आईने आधी स्वतः वाचलं, मग मला वाचून दाखवलं, मग शेजारच्या कुसुमताईंना. त्यामुळे 'पोरगं कॉलेज सोडून काय दिवे लावतंय' हे तुमचं वाक्य आता अर्ध्या गल्लीला पाठ आहे. तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

कॉलेज मी उगाच सोडलं नाही. प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर दोन बोटांनी उंच धरलं, मेलेल्या उंदराला शेपटीने धरतात तसं. मी ते हिसकावून खिडकीतून फेकलं आणि पाठोपाठ दारातून बाहेर पडलो. वाईट एवढंच झालं की खिडकीखाली प्रिन्सिपॉल उभे होते.

आणि दिवे म्हणाल तर लावतोय. मी आता एका ट्रस्टच्या प्रयोगशाळेत असिस्टंट आहे. न्यूमोनियाचे जंतू औषधाला कसे निर्ढावतात, ते आम्ही तपासतो. पद्धत सोपी आहे. जंतूंच्या दोन ओळी. दोन्ही ओळींना रोज नव्या प्लेटवर हलवायचं. पहिल्या ओळीच्या प्लेटमध्ये पेनिसिलिन, रोज कणभर वाढवत. दुसरी कोरी ओळ, तिला औषधाचा थेंब नाही. आठवड्याला परीक्षा. प्लेटवर औषधाची कागदी चकती ठेवायची. जंतू मेले तर चकतीभोवती रिकामं कडं दिसतं. कडं आक्रसलं, की समजायचं जंतू शहाणे झाले. हे जंतू नवाबी चालीचे, साध्या खाण्यावर वाढत नाहीत. प्लेटमध्ये मेंढीचं ताजं रक्त घालावं लागतं.

प्रयोग कविता अर्धापूरकर मॅडमचा. बरकतपुऱ्याच्या वकिलांची मुलगी, यावर तिची पीएच.डी. व्हायची आहे. मामा, ती प्लेटवर वाकते तेव्हा वेणी पुढे येऊ नये म्हणून ती दातात धरते. मला आयुष्यात यापेक्षा जास्त काही बघायचं नाही. इथल्या सरांचं नाव सूर्यप्रकाशम. त्यांचं डोकं म्हणजे एसीत ठेवलेलं दही, हलतही नाही आणि आंबतही नाही. एसी औषध कंपनीने दिलाय. मुंबईची नवी कंपनी आहे, परदेशी भागीदाराची. देशाचा बाजार मोकळा झाल्यापासून आमच्याकडे आधी एसी आला, मग कॅलेंडर, मग कॉफीचं मशीन. जंतू तेवढे जुनेच आहेत.

तुमचा
बबलू

ता. क. माझ्या एका मित्राकडे मेंढी आहे. पंधरा दिवस खोकते, नाक वाहतं. तुम्ही तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलीत, औषध कळवा. घाई आहे.


देवणी
१८ मार्च १९९६

चि. बबलूस अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. एक पान तुझ्या अपमानाचं, अर्धं पान वेणीचं, आणि जंतू बिचारे मध्ये कुठेतरी चेंगरलेले. असिस्टंट म्हणजे तू नक्की काय करतोस ते मात्र लिहिलं नाहीस. तुझी आई सावित्री लिहिते, पोराच्या हाताला फिनेलचा आणि लेंड्यांचा वास येतो. शास्त्राला हल्ली असा वास येत असेल, मला काय कळतं.

तुझ्या सरांना एसीत बसून जे शोधायचंय ते मी गोठ्यात बसून पाहिलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा गाईची कास सुजली तर पेनिसिलिनच्या एका बाटलीत काम व्हायचं. निवृत्त झालो तेव्हा चार बाटल्या टोचून वर हात जोडावे लागायचे. आम्हीच शिकवलं जंतूंना. गुराला सुई दिसली की मालकाला बरं वाटतं, म्हणून टोचायचो.

मेंढीचं म्हणशील तर लाँग अॅक्टिंग पेनिसिलिनची एक सुई, मागच्या मांडीत. आठवड्याने गरज वाटली तर दुसरी. तिसरी नाही. कोरड्यात बांध, वाऱ्यात नको. मित्राला विचार, शहरात मेंढी पाळतो तर तिला झोपवतो कुठे?

मुलगी वकिलाची आहे, तिला शिक्षण आहे. तुझ्याकडे काय आहे, ते मनाशी एकदा मोजून बघ. फार वेळ लागणार नाही.

तुझा
नामदेवमामा


काचीगुडा
२० मे १९९६

ती. मामा,

तुमच्या टोमण्यांना उत्तर द्यायला सवड नव्हती, इथे महाभारत चाललंय.

आधी मेंढी. अफझलगंजला दुकानदाराला म्हटलं, "पेनिसिलिन होना, लाँगवाला." तो म्हणाला, "किसकू?" म्हटलं, "मेंढी को." तो म्हणाला, "फिर चिठ्ठी कायकू, मेंढी पढी-लिखी थोडी है," आणि दिलं काढून. पहिली सुई २५ मार्चला दिली. काय गुण आला मामा! दोन दिवसांत खोकला बंद. आठवडा संपला की पुन्हा सुरू. म्हणून दर सोमवारी देतो. १ एप्रिल, ८, १५. २२ ला चुकली, आरटीसीच्या बसचा संप होता. मग २९, ६ मे. १३ ला चुकली, त्याचं कारण खाली येईल. आज दिली. कविता रोज तिला कोथिंबीर खाऊ घालते. परवा म्हणाली, "विक्रम, राणी किती छान दिसतेय रे." माझं नाव आणि 'छान' एकाच वाक्यात, मामा.

आता युद्ध. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून कोऱ्या ओळीचं कडं आक्रसायला लागलं. औषध नाही, काही नाही, तरी जंतू निर्ढावतायत. सरांनी कविताला सगळ्यांसमोर झापलं. "तू नळ्या अदलाबदल केल्यास. लग्नाचं वय झालं की मुलींचं लक्ष राहत नाही." मी तिथेच होतो. टेक्निशियन दिलीप हसला. मी दिलीपची कॉलर धरली, त्यामुळे १३ तारखेला मला दिवसभर घरी बसवलं. सरांची कॉलर धरायला हवी होती, पण मध्ये टेबल होतं.

आणि परवा सगळं उलटं झालं! मुंबईहून कंपनीचा माणूस आला. पेजर कमरेला, पिवळा टाय. आलेख बघून तो खुर्चीतून उठलाच. "म्हणजे जंतू आपोआपच बदलतात? औषधाचा दोष नाही?" सरांनी आलेख स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "अगदी तेच. आमची विद्यार्थिनी फार काटेकोर आहे." तीच विद्यार्थिनी, मामा, आदल्या आठवड्यात लग्नाळू होती. आता हा शोध जाहीर करायला ३० जूनला मोठ्या हॉटेलात समारंभ आहे. कविताला सिंगापूरच्या परिषदेचं तिकीट. मला कायम करतील असंही ऐकतोय.

फक्त कविता खूश नाही. सारखी हात धुते.

बबलू


देवणी
२७ मे १९९६

चि. बबलूस आशीर्वाद.

सात सुया! मी एक म्हणालो होतो, फार तर दोन. तुला आकडे वाचता येत नाहीत, की माझं अक्षर फारच सुंदर आहे? खोकला थांबतो आणि परत येतो याचा अर्थ जंतू तुझ्याकडे पाहुणे म्हणून राहिलेत आणि तू दर सोमवारी त्यांना फराळ देतोयस.

दुसरं. मित्राच्या मेंढीला कविता रोज कोथिंबीर खाऊ घालते, म्हणजे मित्र हा कविताचा भाऊ, की मित्र हा मुळात नाहीच? माझं वय झालंय, पण इतकं नाही. वकिलांनी ती बोनालूच्या बळीच्या जेवणासाठी पोसायला आणली असणार, असा माझा अंदाज. यंदा अधिक आषाढ आहे, सण महिनाभर पुढे गेलाय, मेंढीचं नशीब. पण त्यांना एक स्पष्ट सांग. ही लांब मुदतीची सुई आहे. दिल्यावर औषध कितीतरी दिवस रक्तात, मांसात राहतं. शेवटच्या सुईपासून महिनाभर तरी तिला कापायचं नाही. लोकांच्या पोटात फुकटचं पेनिसिलिन नको.

सर दही नाहीत हे मात्र कळलं. दही असं एका क्षणात उलटत नाही.

नामदेवमामा


काचीगुडा
८ जून १९९६

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून जेवण गेलं नाही. आई म्हणते, प्रेमात असं होतं. होऊ दे, तिला तेच वाटू दे.

तुम्ही लिहिलंत, औषध कितीतरी दिवस रक्तात राहतं. मी ते वाक्य वाचलं, पुढे गेलो, चहाचा घोट घेतला आणि मग मागे आलो.

मामा, मित्र नाही. मेंढी कविताची नाही. ती आमच्या प्रयोगशाळेची. तिचंच रक्त दर गुरुवारी दिलीप काढतो, मी कान धरून उभा असतो. तेच रक्त प्लेटमध्ये जातं, दोन्ही ओळींच्या. मी असिस्टंट नाही. मी मेंढीला चारा घालतो, लेंड्या काढतो, बाटल्या धुतो. तिला हात लावायची परवानगी आहे, सुई लावायची नाही. पण ती खोकत होती, आणि सर म्हणाले, मेली तर दुसरी आणू, तीन दुकानांची कोटेशनं मागवा. त्यात दोन महिने जातात, कविताचा प्रयोग बसला असता. म्हणून टोचलं. खरं लिहायचं तर कविताने माझ्याकडे बघावं म्हणून टोचलं.

सोमवारी सुई, गुरुवारी रक्त. कोरी ओळ कधी कोरी नव्हतीच. मी अडीच महिने त्या जंतूंना थेंबाथेंबाने पेनिसिलिन चाखवत होतो, आणि ते शहाणे झाले. जंतू आपोआप बदलले नाहीत. मी बदलले.

आता सांगा, मी गप्प बसलो तर कोणाचं काय बिघडतं? कविताला पदवी मिळेल, सिंगापूर मिळेल. मी कायम होईन. सांगितलं तर तिचं वर्ष गेलं, माझी नोकरी गेली, आणि ती माझ्याकडे कशा नजरेने बघेल ते मला बघायचं नाही. फक्त एक खुपतंय. कंपनी डॉक्टरांना वाटायला पत्रकं छापतेय. नमुना मी पाहिला. वर गुबगुबीत बाळाचा फोटो आणि खाली लिहिलंय, 'निर्धास्त लिहून द्या.'

तुम्ही 'गप्प बस' म्हणालात तर बसेन.

बबलू


देवणी
१३ जून १९९६

बबलू,

गप्प बसायची परवानगी टपालाने मिळत नाही. तिकीट कितीचं लावायचं तेही मला माहीत नाही.

आपल्या दारातली चंद्री गाय तुला आठवते? लहानपणी तू तिच्या पाठीवर बसायचास. दोन वर्षांखाली तिची कास सुजली. माझ्याकडच्या सगळ्या सुया टोचल्या, एकही लागली नाही. तीस वर्षं या पंचक्रोशीत ज्याने त्या सुया वाटल्या तो मीच. चंद्री गेली. मला कोणी जाब विचारला नाही. डॉक्टर आले, चहा पिऊन गेले. मामीने हार घातला. पण मला माहीत आहे ना.

तू जे केलंस ते गाढवपणाचं, पण त्यात लबाडी नव्हती. आजपासून जे करशील त्यात असेल. पत्रकावरच्या बाळाला खोकला झाला तर दर सोमवारी सुई द्यायला तू जाणार आहेस का?

सरांना सांगायची हिंमत नसेल तर कविताला सांग. तीही नसेल तर मेंढीला सांग. तुझ्या हातून टोचून घ्यायची तिला सवय आहे.

मामा


काचीगुडा
१८ जून १९९६

मामा,

सांगितलं.

कविता मेंढीच्या खोपीत होती, हातात कोथिंबिरीची जुडी. मी म्हटलं, "मॅडम, एक बोलायचंय." ती म्हणाली, "बोल. पण आज प्रेमाबिमाचं नको रे, मला बरं नाही." म्हणजे तिला ठाऊक होतं! सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिलीपलाही. जे लपवायचं म्हणून मी चार महिने तडफडलो ते चव्हाट्यावर होतं, आणि जे कोणाला माहीत नव्हतं ते सुईत.

मी सगळं बोललो. राणी जुडी संपवून तिची बोटं चाटायला लागली तरी कविता हलली नाही.

"किती सुया?"

"सात. आठ असतील."

"सात की आठ?"

"आठवत नाही. दर सोमवारी. मधले दोन सोमवार चुकले."

"कोणते?"

"नाही आठवत."

मग ती पेंडीच्या पोत्यावर बसली. म्हणाली, "दोन महिने मी माझे हात तपासतेय, विक्रम. मला वाटलं मीच नळ्या बदलते आणि मला कळत नाही. डोळे तपासून आले. नंबर बदलून घेतला." नवा चष्मा काढून तिने मला दाखवला. "हा तुझ्यामुळे."

मी म्हटलं, "मॅडम, मी तुमच्यासाठीच..."

"ते म्हणू नकोस. माझं वर्ष जातंय ते जातंय, वर तुझे उपकार नकोत. मला तारखा पाहिजेत. आणि पुरावा. नाहीतर सर म्हणतील, पोट्ट्याला कायम केलं नाही म्हणून बोंबलतोय."

मामा, तारखा तुमच्याकडे आहेत. २० मेच्या पत्रात मी सगळ्या सोमवारांचा हिशोब दिलाय, चुकलेल्यांसकट. वर पोस्टाचा शिक्का आहे, म्हणजे नंतर रचलं असं कोणी म्हणू शकणार नाही. माझी सगळी पत्रं पाकिटांसकट रजिस्टरने पाठवा. वेणीचा मजकूर शक्य असेल तर काढून टाका.

बबलू


देवणी
२२ जून १९९६

चि. बबलूस आशीर्वाद.

सोबत तुझी तीनही पत्रं, पाकिटांसकट.

वेणीची ओळ कात्रीने काढायला बसलो होतो. पण त्याच कागदाच्या पाठीवर मित्राच्या मेंढीचा पंधरा दिवसांचा खोकला आहे. २० मेच्या पत्रात तर 'राणी किती छान' च्या मागे नेमकं १३ तारखेचं भांडण. तुझं प्रेम आणि तुझा पुरावा पाठीला पाठ लावून बसलेत. एक कापलं की दुसरं जातं. मामी म्हणाली, राहू द्या, पोराने लिहिलंय, पोरगा भोगेल.

औषधाचं नाव आणि मात्रा वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहिली आहे. माझी मात्रा एकच सुईची होती, तेही लिहिलंय. मेंढी न बघता औषध सुचवलं ही माझी चूक, तीही लिहिली आहे. माझं पेन्शन कोणी काढून घेणार नाही, आणि घेतलं तर चंद्रीचं देणं फिटलं समजेन.

नामदेवमामा


काचीगुडा
१४ जुलै १९९६

ती. मामा,

उशीर झाला, कारण आधी माझी वरात निघायची होती.

पत्रं घेऊन कविता सरांच्या खोलीत गेली, मलाही नेलं. एक गोष्ट आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. सरांना मराठी वाचता येत नाही. वाचून हिंदीत सांगायला खोलीत कविता आणि मी, दोघंच होतो, आणि कविता म्हणाली, "मी वाचलं तर मी रचलं म्हणाल. ज्याने लिहिलंय तो वाचेल."

मी वाचलं, मामा. उभं राहून, एसीच्या वाऱ्यात, दिलीप दाराशी आणि पिवळा टाय सोफ्यावर. वेणी दातात धरण्यापाशी आलो तेव्हा मी ओळ गाळली. कविता म्हणाली, "सगळं वाच, नाहीतर पुरावा कसला?" वाचलं. मग 'डोकं म्हणजे दही' आलं. सरांनी विचारलं, "ये क्या बोला? दही कायका दही?" मी म्हटलं, "सर, आपका सर." जर्नल खिडकीतून फेकणं यापुढे फारच सोपं होतं.

तारखा आल्या तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. कविताने शेजारी तिची वही उघडली. २२ एप्रिल आणि १३ मे, सुई चुकली तेवढ्याच दोन आठवड्यांत कोऱ्या ओळीचं कडं आक्रसायचं थांबलं होतं. तिने फक्त बोट ठेवलं. सरांनी पाणी मागवलं. पिवळा टाय म्हणाला, "पण पत्रकं छापून झालीत." कविता म्हणाली, "त्यावर माझं नाव असेल तर वर्तमानपत्रात मीच पत्र लिहीन. मराठीत, इंग्रजीत, तेलुगूत." टाय पेजर बघत बाहेर गेला. पेजर वाजला नव्हता.

समारंभ झालाच, हॉटेलचं भाडं परत मिळत नव्हतं म्हणे. विषय बदलला. कंपनीच्या नव्या कॅलेंडरचं प्रकाशन केलं आणि सर हवामानावर बोलले.

मला दुसऱ्या दिवशी काढलं. कविताचं वर्ष गेलं. तिने फ्रीझमधले मूळचे जंतू काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. नवी मेंढी आणली, तीन कोटेशनं घेऊन. यावेळी दोन नाही, तीन ओळी आहेत. तिसरीत पेनिसिलिन अगदी कणभर, राणीच्या रक्तातून उतरायचं तेवढंच. ती म्हणते, जास्त औषध जंतूंना बनेल करतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण इतकंसं? त्या ओळीला माझं नाव देणार का, असं मी विचारलं. तिने बघितलं. नुसतं बघितलं.

पत्रं तिने परत दिलीत, प्रती काढून. तारखांखाली लाल पेन्सिल. तुमच्या मात्रेखाली लाल पेन्सिल. वेणीच्या ओळीला कंस करून समासात लिहिलंय, 'अनावश्यक'. अक्षर सुंदर आहे. मी तो कागद पाकिटात ठेवलाय, हसायचं तर हसा.

आता काम. राणी प्रयोगाच्या उपयोगाची नाही, म्हणून तिला काढून टाकायचं ठरलं. बोनालू तोंडावर, गिऱ्हाइकं दारात उभी होती. तुमचा अंदाज खरा ठरत होता मामा, फक्त वकिलांशिवाय. कविताने तिचा कासरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हिला घेऊन जा. आणि हिचा खोकला कसा आहे ते मला महिन्याला कळव." मग जाता जाता म्हणाली, "तू नको. मामांना कळवायला सांग."

शुक्रवारी उदगीरकडे जाणाऱ्या लॉरीत आम्ही दोघं बसतोय. कोरड्यात जागा करून ठेवा. राणी अजून खोकते. तुमच्या पाया पडतो, काही झालं तरी सुई काढू नका.

तुमचा
बबलू